खुर्च्या जागेवर आहेत

आधी तक्रार, मग बाकीचं. तुझ्या आईला माझ्या घरातल्या खुर्च्या हलवायला कोणी सांगितलं? तू दवाखान्यात दाखल झालीस आणि ती इथे येऊन आवराआवर करत बसली. तुझ्या पलंगाजवळची, बाथरूमच्या दाराशी ठेवलेली, ओट्यापुढचं उंच स्टूल, चपला घालायची बाहेरच्या दाराजवळची, सगळं उचलून टेबलाभोवती लावलं. वर मलाच म्हणते, घर कसं मोकळं झालं बघा. मोकळं! दात पडल्यावर तोंड होतं तसं.

प्रिय काडी,

जोडाक्षरं चुकतील, हसायचं तर हस. ती गेल्यावर मी एकेक खुर्ची ओढत जागेवर नेली. डोळे मिटूनही जमलं असतं, एवढ्या वेळा माझी करंगळी त्यांच्यावर आपटली आहे. जन्मभर इस्त्रीच्या दुकानात उभी राहिलेली बाई मी, बसलेलं माणूस बघितलं की डोकं फिरतं. पण त्या दिवशी कंबर भरून आली म्हणून तुझ्या पलंगाजवळच्या खुर्चीत टेकले आणि तिथून ओट्याकडे बघितलं. अगं, केवढं लांब आहे ते! एवढ्याशा घरात एवढं अंतर आलं कुठून? मग म्हटलं, बघूच. तुझ्यासारखी पुढच्या खुर्चीपर्यंत गेले, बसले, उठले, पुन्हा बसले. माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही, तरी दाराजवळ पोचल्यावर चप्पल घालायला मी आपणहून बसले. मी आपणहून, म्हणजे बघ. एवढं करून तू पुढे चष्म्याच्या दुकानात जायचीस, सुजलेल्या बोटांनी दिसतही नाहीत असले स्क्रू बसवायचीस, आणि संध्याकाळी येऊन माझी टिंगल करायचीस.

हे झालं अंगाचं. मनाचं मला अजून नीट कळत नाही, खोटं कशाला बोलू. तू म्हणाली होतीस, सांधे दुखतात तेव्हा बोट ठेवता येतं, ह्याला बोट ठेवायला जागाच नाही. मी म्हटलं, मग जेवून घे. तेवढंच येतं मला. पण ज्या सकाळी तुला जगणंच नकोसं झालं, त्या सकाळी तू त्याच खुर्च्यांवर टेकत टेकत माझ्यापर्यंत आलीस आणि म्हणालीस, आजी, आज मला एकटीला सोडू नकोस, दवाखान्यात ने. तापलेल्या इस्त्रीचा चटका बसला तरी हूं न करणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. पण असं मागणारं कोणी बघितलं नव्हतं. गाडीत मी तुझ्याकडे टक लावून बसले होते ती नुसती काळजी नव्हती. हे काडीएवढं माणूस बनलंय तरी कशाचं, तेच बघत होते.

आता लिहायचं कारण. काल तुझ्या आईच्या तोंडून निघून गेलं. आजीवर माझं ओझं नको, माझी खोली रिकामी करा, असं तूच तिला सांगितलंस म्हणे. म्हणून ती आवराआवर. तर ऐक. खुर्च्या जागेवर आहेत. ओट्यापुढच्या स्टुलावर आता मी बसून कांदा चिरते, इस्त्रीच्या दुकानात सांगू नकोस. आणि तुझ्या पलंगाजवळ एक जास्तीची ठेवली आहे. ती माझी. तसली सकाळ पुन्हा आली तर मी तिथे बसणार, तुला आवडो न आवडो.

तुझीच, अजून खमकी असलेली,
आजी

येतेस की नाही, त्याचं उत्तर तूच द्यायचं. तुझ्या आईने नाही, डॉक्टरीणबाईंनी नाही. बोटं चालत नसतील तर कागदावर नुसती खुर्ची काढ.