मामांचं इंजिन चालू ठेवण्याबाबत

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे शब्दशः घ्यावं. चष्म्याच्या काचा घासायच्या टेबलाखाली एक चिमुकला वायसर घरंगळलाय, आणि तो शोधता शोधता पालथा पडूनच ही सुरुवात करतोय.) आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची तब्येत कशी आहे हे मात्र या खेपेला रीत म्हणून विचारत नाही, खरोखर विचारतोय. त्यातही गेल्या मंगळवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी ती कशी होती, हे जरा आठवून कळवावं.

कारण सांगतो. डॉक्टरांनी तुमच्या छातीला धूर वर्ज्य सांगितला तेव्हा तुम्ही तुमचं तीस वर्षांचं लाडकं ग्लो इंजिन, हातभर लांबीच्या उडत्या विमानासकट आणि रिमोटसकट, माझ्या स्वाधीन केलंत. म्हणालात, "सुई अडीच आटे उघडी ठेव आणि रोजची वही लिही." (सुई म्हणजे इंधन किती सोडायचं ते ठरवणारा स्क्रू, हे तुमच्या भाचेसुनेला समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, आटे ढिले असण्याचा तुम्हाला अनुभव आहेच.) तुम्ही शिकवलंत तसंच करतो. बॅटरी लावून प्लगमधली तार लाल करायची, पंख्याला बोटानं झटका द्यायचा, आणि इंजिनानं पेट घेतला की बॅटरी काढून घ्यायची. पुढं ती तार स्वतःच्याच धगीवर लाल राहते. मला हे पहिल्यापासून जरा भीतिदायकच वाटतं. आपण हात काढून घ्यायचा आणि आतलं काहीतरी आपलं आपण जळत राहणार.

तर विमान उडतं छान. पण छपराच्या उंचीवर गेलं की इंजिन खोकतं. दोन लहान, एक लांब, आणि गप्प. मग विमान कधी सिमेंटवाल्याच्या ताडपत्रीवर, कधी कुणाच्या वाळत घातलेल्या चादरीत. पहिल्यांदा तो खोकला ऐकला तेव्हा भाचेसून हातातली परात तशीच धरून दारात आली आणि म्हणाली, "मामा कधी आले?"

आम्ही हसलो. हसू तीन आठवडे टिकलं. मग मी प्लगचा पाना न्यायला तुमच्याकडे आलो होतो, आठवतं? तुम्ही आंघोळीला गेला होतात. मामी डॉक्टरांसाठी तुमच्या धापेची वही लिहितात, ती टेबलावर उघडी पडली होती आणि माझी इंजिनाची वही माझ्या पिशवीत होती. रिकामा बसलो होतो, म्हणून दोन्ही शेजारी ठेवल्या. तुम्हाला नऊ वेळा धाप लागली होती. इंजिन नऊ वेळा गुदमरलं होतं. वार तेच, वेळ तीच. शेवटच्या वेळेत चार मिनिटांचा फरक निघाला, तेव्हा जिवात जीव आला. घरी येऊन पाहिलं तर आमचं भिंतीवरचं घड्याळ अलीकडेच चार मिनिटं पुढं पळालं होतं. त्या दिवशी मी पाना न घेताच परत आलो होतो, त्याचं कारण त्या दोन वह्या.

तुम्ही म्हणाल, योगायोग. मीही तेच म्हणालो, आणि दुरुस्ती चालू ठेवली. एरंडेल जास्त असलेलं इंधन घालून पाहिलं. त्या दिवशी तुमचं पोट बिघडलं. (क्षमस्व.) एकदा इंजिन चुकून उलटं सुरू झालं, पंखा मागं फिरू लागला आणि विमान रिव्हर्समध्ये तुळशीच्या कुंडीवर जाऊन आदळलं. तेवढ्या वेळात तुम्ही जिना पाठमोरे उतरलात, असं मामींनी फोनवर सांगितलं. त्यांना वाटलं गुडघ्यांचा नवा व्यायाम आहे. मग घाबरून मी इंजिन कपाटात कुलूप लावून ठेवलं. चार दिवस. ते चार दिवस तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडून होतात, ना जेवण ना बोलणं. पाचव्या दिवशी सकाळी मी कुलूप काढून दहा मिनिटं इंजिन चालवलं, आणि मामींचा फोन आला की आज ह्यांनी उठून पोळी मागितली.

भाचेसून गणिताची मास्तरीण. ती म्हणाली, असं मोघम नको, नीट पडताळा घेऊ. मंगळवारी तिनं मामींना फोन लावला, इंजिन बाकावर बांधून चालू ठेवलं, आणि गप्पांच्या ओघात इंधनाची नळी दोन सेकंद चिमटीत दाबली. मामी म्हणाल्या, "थांब गं, ह्यांना ठसका लागलाय." तिनं नळी सोडली. मामी म्हणाल्या, "हं, थांबला." तेव्हा घड्याळात पाच दहा झाले होते. (घड्याळ आता बरोबर लावलंय.) त्या दिवसापासून ती इंजिनाला अहोजाहो करते. "ते उठले का?" असं विचारते. गार वारा असला की त्यांच्यावर टॉवेल घालते. मला हसायला आलं पाहिजे, पण येत नाही.

काल दोष सापडला. टाकीच्या आतल्या नळीला सुईच्या टोकाएवढं भोक होतं, तिथून हवा शिरत होती. नळी बदलली, सुई अडीच आटे. आता ते एकदाही खोकत नाहीत. तुम्हीही काल जिना दोनदा चढलात, असं कळलं. म्हणजे सगळं ठीक झालं. डॉक्टरांनी ठरवलेलं उद्याचं तुमचं छातीचं ऑपरेशनही असंच सुरळीत पार पडेल, काळजी नसावी. वरचं सगळं तुमची करमणूक व्हावी म्हणून लिहिलंय. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक
भाचा

ता. क. हे पत्र मामींना दाखवू नये. शेजारचा मीटर तपासणारा तुमच्या गल्लीत येतोय, त्याच्या हाती देतोय. त्यानं उघडू नये म्हणून पाकिटावर 'बिलाबाबत' असं लिहिलंय.

ता. क. दुसरं : भूल देणाऱ्या डॉक्टरांना वेळ विचारून मला कळवावी. नेमकी किती वाजता देणार आणि नेमकी किती वाजता उतरवणार. कशाला म्हणाले तर सांगा, भाचा विक्षिप्त आहे. भूल चढेल त्या मिनिटाला मी इंजिन हळूच बंद करीन, म्हणजे तुम्ही निवांत झोपाल. मध्ये टाकी भरून घेईन. खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो होतो. फोनवर तोंडातून शब्द फुटला नसता.

ता. क. तिसरं : गरम इंजिन दुसऱ्यांदा सुरू व्हायला नाकीनऊ आणतं, हे तुम्हीच शिकवलंत. मला त्याचीच भीती वाटते, मामा, फार वाटते. उद्या जाग यायला उशीर झाला आणि कुणीतरी आपल्याला सारखं बोटानं ढोसतंय असं वाटलं, तर चिडू नका. तो मीच असेन. भाचेसुनेनं शाळेत रजा टाकली आहे, ती बॅटरी धरून शेजारी उभी असेल. बोट सोलवटलं तरी मी थांबणार नाही. तुम्ही फक्त एकदा खोका, पुढचं मी बघतो.