बंदरावर एकटी उतरतेय

अहो,

तुमचा आत्ताच डोळा लागलाय, म्हणून उठवलं नाही. मी बंदरावर उतरतेय, एकटीच. उशाशी कोरडी बिस्किटं आणि आल्याचा तुकडा ठेवलाय. चहा घेऊ नका, पोटात ठरणार नाही. खोलीचं कार्ड गळ्यातच असू द्या, परवा दोनदा बाहेर अडकलात. साडेचारला शिडी उचलतात, मी चारलाच येईन. इथे फोनमधलं घड्याळ तासभर मागे पडतं, म्हणून तुमचं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून नेतेय.

तीस वर्षं तुम्ही जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलीत आणि दर सुट्टीत मला ऐकवलंत, "समुद्र तुला नाही झेपायचा." काल लाटांनी अर्धं जहाज आडवं केलं, तुमच्यासकट. मी मात्र दोन्ही वेळा पोटभर जेवले, वर आइस्क्रीम खाल्लं. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "आजी, तुम्ही जुन्या खलाशी दिसताय!" मी नाही म्हटलं नाही.

धाकटी झाल्याचं कळल्यावर तुम्ही याच बंदरातून पत्र धाडलं होतं. ते हातात पडलं तेव्हा ती पालथी पडायला लागली होती. ते पोस्ट ऑफिस अजून आहे का, बघून येते.

तुम्ही निघालात की दर वेळी मी दारात उभी राहायचे. आज मी दहाला शिडी उतरेन; त्याआधी जाग आली तर तुम्ही गॅलरीत येऊन उभे राहा. मी तुमच्यासारखी नाही, मागे वळून हात करीन.