पंखाखालची ओळ

प्रिय मयुरा,

सगळं बदललं ते त्या दुपारी, नागपुरात जरीपटक्याच्या आपल्या कार्डांच्या खोलीत मी कागदातून आकार कापायच्या डाय-कटिंग मशीनचं हँडल फिरवलं तेव्हा. आणि मला ते कळलं गेल्या आठवड्यात. मधली दोन वर्षं मी समजत होतो की जे काही बिघडलं ते उन्मेषच्या नाकामुळे.

तो दिवस तुला आठवतच असेल. कॉलेजच्या मेळाव्यात आपण हातानं केलेली शुभेच्छा-कार्डं मांडली होती. उन्मेषनं तुझं तीन दिवस खपून केलेलं कार्ड उचललं, ‘काहून गा गौरांग, आता मेंदी पण काढून देतं का?’ म्हणाला आणि चुरगाळून टाकलं. पुढचं मला नीट आठवत नाही, त्याच्या फुटलेल्या नाकाचं रक्त तेवढं आठवतं. माफीचा अर्ज दे, प्रकरण मिटवतो, असं प्राचार्य म्हणाले. तूही तेच म्हणालीस. मी म्हटलं, अर्ज गेला चुलीत, आणि तुझ्या तोंडावर दार आपटून निघालो. दुसऱ्या वर्षाच्या मध्यातच कॉलेज सुटलं. मग सहा दिवस तुझा फोन नाही. तुला माझी लाज वाटून राहिली, असं मी ठरवूनच टाकलं.

तुझ्या घरी, कोराडीच्या क्वार्टरमध्ये, तुझे बाबा शेजारी बसलेले असायचे, फोनवर तुला धड बोलता यायचं नाही. म्हणून ते नक्षीचे कागद आपलं टपाल झाले होते. पुढून कोयऱ्या, पट्ट्या, ठिपके. मागची बाजू कोरी. तिथं तू पेन्सिलीनं मापं टाकायचीस आणि मधेच माझ्यासाठी एखादी ओळ लिहून कागद गठ्ठ्यात सरकवायचीस. कापायच्या आधी मी प्रत्येक कागद उलटून बघायचो. त्या सहा दिवसांतल्या त्या दुपारी बघितला नाही. धंतोलीच्या एका दवाखान्याला ‘लवकर बरे व्हा’ची आठ कार्डं द्यायची होती. डोकं तापलेलं. निळ्या कोयरीचा वरचा कागद ओढला, फुलपाखराची डाय, म्हणजे साचा, ठेवली आणि आठदा हँडल फिरवलं. मागे काही लिहिलेलं दिसलं, खोटं कशाला बोलू. मापं असतील म्हटलं. फुलपाखराला गोंद फक्त पोटाशी लावायचा, पंख उचललेले ठेवायचे, हे तूच शिकवलेलं. तसेच ठेवले. सोमवारी तुला तो घाणेरडा मेसेज पाठवला आणि तुझा नंबर ब्लॉक करून टाकला.

आता खोली रिकामी करताना जुन्या खोक्यात तो कापून उरलेला कागद निघाला. आठ फुलपाखरांची आठ भोकं, आणि मागे तुझं अक्षर, भोकांमधून वाट काढत गेलेलं. ‘येऊन गेले, तू नव्हतास.’ ‘अर्ज दोघं मिळून.’ ‘बाबांना सांगितलंय.’ ‘रविवारी चार वाजता, फुटाळा तलावावर.’ सगळ्यात खाली ‘नाही आलास तर’, आणि पुढे भोक.

किती वेळ थांबली होतीस वं?

दोन वर्षं मी तुला दोष दिला आणि तुझं बोलणं मी स्वतःच्या हातानं विदर्भभर वाटलं होतं. वणी, पुसद, गोंदिया, जिथून कुठून पेशंट आले असतील तिथं. मी दवाखान्यात गेलो. कार्डं केव्हाच लोकांबरोबर घरी गेलेली. फक्त तिथल्या रंभाबाई मावशीनं एक स्वतःसाठी ठेवलं होतं, औषधांच्या कपाटावर चिकटवून. मी मागितलं तर म्हणाली, ‘देल्लेलं कार्ड कोणी वापस मागते का रे पोट्ट्या?’ मग माझ्याकडे बघून काढून दिलं. ‘घे. पण इथं रडू नको, पेशंट घाबरतीन.’

खोलीवर येऊन त्या कार्डावर उरलेला कागद ठेवला. एकेक भोक फुलपाखरावर आणून बघितलं. कोयरीचं डोकं कागदावर, शेपूट पंखावर. जुळलं ते शेवटच्या भोकाला, ‘नाही आलास तर’च्या पुढच्या.

शुक्रवारी तुझं साक्षगंध आहे, आपल्या वर्गातल्या अश्विननं सांगितलं. घाबरू नको, मी येणार नाही, कोणाच्या नाकाला हात लावणार नाही. तुझं मन वळवायलाही लिहीत नाहीये, म्हणजे लिहावंसं फार वाटलं, चार कागद त्यात गेले. पण फुटाळ्यावर बसून तुझी जी समजूत झाली असेल तीच घेऊन तू नव्या घरी जाशील, हे मला सोसवत नाही. मी येणं टाळलं नव्हतं मयुरा. मी वाचलंच नव्हतं. हे जास्त वाईट असेल, तर तसं समज.

कार्ड आणि कागद सोबत ठेवलेत. पंख नखानं जरासा उचलला की ओळ दिसेल. मी उचललेला नाही. काल दिवसभर ते समोर ठेवून बसलो होतो, तरी नाही. ते तुझं वाक्य आहे. वाच, नाहीतर कार्डासकट फाडून टाक.

मशीन काल गेलं, खोलीची किल्ली द्यायची आहे. पाकीट तुझ्या आईच्या हातात देईन आणि आल्या बसनं परत फिरेन. आता उठतो, बाहेर पडतो आणि दार लावून घेतो. आपटणार नाही.

तुझाच,
गौरांग