माहेर निघालं लंडनला

रतनवाडी, ता. अकोले
११ ऑगस्ट २०२४

चिरंजीव कानिफनाथ यास पोटभर आशीर्वाद.

फोनवर तू मला पुढं बोलू देत न्हाईस, म्हनून लिहिते. भात लावून झालं. काळी म्हैस व्याली, रेडी झाली. तर मी लंडनला जानार. तुझ्या लेकीनं, मोनिकानं तिकीट धाडलं, व्हिसा बी आला. पयलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. तिची आई असती तर गोष्ट येगळी. आता तिचं माहेर म्हंजे मीच. डॉक्टर तिला विमानात बसू देईनात, मग माहेरानंच उठून जायचं.

तू लांब लांब म्हनून भ्या घालतोस. मी जीपवाल्या भीमाकडून तिकीट वाचून घेतलं. मुंबईवरनं दुपारी एकला निघतंय, संध्याकाळी सहाला पोचतंय. तुझ्या नागापूरला एसट्या बदलत यायला मला याच्यापेक्षा जास्त येळ लागतो, तवा कधी काळजी केली न्हाईस.

मुंबईला सोडायला येतोस का, तेवढं कळव. न्हाईतर भीमा हाय.

आईवरची माया पातळ करू नको.
कडूबाई


नागापूर, १७ ऑगस्ट

तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून मीही लिहायला बसलो. लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे चालतं. अंतर सात हजार दोनशे किलोमीटर आहे, विमानात साडेनऊ तास बसावं लागतं. तुझे गुडघे तसे, इंग्रजी येत नाही. तिथे दवाखाने चांगले आहेत. मोनिकाला मी समजावतो. हट्ट सोड. रागावलीस तरी लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा कानिफ


रतनवाडी, २४ ऑगस्ट

चि. कानिफ, आशीर्वाद हायतच.

साडेनऊ तर साडेनऊ. वाडीतल्या बाया अडल्या तवा मी रातभर उकिडवी बसलेय, तवा गुडघ्यांना कुनी इचारलं न्हाई. इथं तर खुर्ची हाय, वर जेवन देत्यात. इंग्रजीचं म्हनशील तर बाळाला तरी कुठं येतंय. दवाखाना चांगला असंल, पर डोकं मांडीवर घेऊन थोपटनारी बाई तिथं नोकरीला ठेवत नसत्यात. डिंकाचे लाडू वळून झाले. मी जानार.

राग आला तर येऊ दे, जेवन सोडू नको.
आई


लंडन, २२ सप्टेंबर

चि. कानिफ, आजोबा झालास, आता दोन आशीर्वाद जास्त घे.

मुंबईपातुर तू तोंड फुगवूनच आलास, पर सोडायला आलास, ते मी ध्यानात ठेवलंय. विमानात पाय सुजले, खोटं कशाला सांगू. खिडकीतनं ढग बघून झाले की मी सरळ झोपले.

काल मोनिकाला मुलगी झाली. नाक तुझं हाय, त्याला इलाज न्हाई. कळा सुरू झाल्या तवा नर्सबाईनं जावयाला आत घेतलं आन मला दारात अडवलं, ही कोन म्हनून इचारलं. मोनिकानं माझा पदर सोडला न्हाई. म्हनाली, हे माझं माहेर हाय. नर्सबाईला काय उमगलं कुनास ठाऊक, पर तिनं आत माझ्यासाठी खुर्ची मांडली.

म्हशीकडं बघ, आमच्याकडं मन असू दे.
तुझी आई कडूबाई