नावडीचं इंग्रजी

ता. ३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. हॉटेलात लागून पाच महिने झाले. चौथ्या मजल्यावरच्या चौदा खोल्या माझ्याकडे असतात. घरी माझी गादी बघून तू नाक मुरडायचीस. आता माझ्या चादरींचे कोपरे बघायला ये.

फोन न करता लिहितेय, कारण खोलीत आम्ही सहाजणी राहतो आणि फोनवरचं सगळ्यांना ऐकू जातं. कामावर सगळं इंग्रजीत चालतं, कारण प्रत्येकीची भाषा वेगळी. पहिल्याच आठवड्यात आम्हाला ‘शुअर’, ‘नो प्रॉब्लेम’, ‘माय प्लेझर’ शिकवलं, आणि प्रत्येक शब्दाबरोबर हसायला. आता मला एक गोष्ट आवडत नाही असं सांगायचंय, तर शब्दच नाहीत. तुझ्या वर्गातली जुनी वही काढली. त्यात ‘आय लाइक’ची तीन पानं आहेत, नावडीचं एकही नाही. तेवढं कळव. मोठ्या माणसाला सांगायचंय, म्हणून नीट असू दे.

माया आहे तशीच ठेव.

तुझी भाची,
घुमी


ता. ८ मार्च

चि. घुमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी खुर्चीत सरळ बसले. निवृत्त झाल्यापासून मला कुणी व्याकरण विचारलेलं नाही. तुझे काका तर मी ‘हे बघा’ म्हटलं की चपला शोधायला लागतात.

तर ऐक. इंग्रजीत नावड पायरीपायरीने सांगतात. सर्वांत खाली ‘आय अ‍ॅम नॉट व्हेरी फाँड ऑफ इट’, म्हणजे फारशी गोडी नाही. मग सरळ ‘आय डोन्ट लाइक इट’. ‘डिसलाइक’ पुस्तकात शोभतं, तोंडी फारसं येत नाही. त्याच्या वर ‘आय कान्ट स्टँड’, म्हणजे मला सोसवत नाही. त्याच्यापुढच्या क्रियापदाला ‘इंग’ लागतं, हे तू परीक्षेत दोनदा विसरली होतीस. शेवटी ‘हेट’. तिथवर सहसा जाऊ नये. मोठ्यांशी बोलताना आधी ‘आय अ‍ॅम अफ्रेड’ लावावं. त्याचा अर्थ इथे भीती नव्हे. ते नुसतं अदबीचं अस्तर असतं.

पण नेमकं काय आवडत नाही ते तू लिहिलंच नाहीस. जेवण का? तुझ्या आईचा गुडघा दुखतोय. जीभ मात्र ठणठणीत आहे.

जीव लावून असलेली,
मावशी


ता. १४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

जेवण नाही. चारशे बारामध्ये एक पाहुणा दर महिन्याला दोन-तीन आठवडे उतरतो. बाबांच्या वयाचा. मी पलंग आवरत असले की दारात उभा राहतो, ‘स्वीटी’ म्हणतो, वाट देताना अंगाला अंग लावतो. मी इतके दिवस ‘नो प्रॉब्लेम’ म्हणत आले.

सोमवारी तुझं वाक्य पाठ करून गेले. त्याने खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी म्हटलं, ‘आय अ‍ॅम अफ्रेड आय अ‍ॅम नॉट व्हेरी फाँड ऑफ धिस.’ तो हसला. म्हणाला, त्यात घाबरायचं काय, आणि हात कमरेवर आणला. मी ट्रॉली त्याच्या पायांवर ढकलली आणि बाहेर पडले.

सुपरवायझर बाईंनी तक्रारीचा कागद भरला. त्यात लिहिलं की मला थोडं ‘अनकम्फर्टेबल’ वाटलं. अर्थ विचारला तर म्हणाल्या, अवघडल्यासारखं. मी अवघडले नव्हते मावशी, मला किळस आली होती. २६ तारखेला मॅनेजर मला आणि त्या पाहुण्याला समोरासमोर बसवणार आहेत. आता अस्तर नको. उघडं वाक्य पाठव. आईला इतक्यात सांगू नकोस.

रागावू नकोस, लोभ सोडू नकोस.

तुझी,
घुमी


ता. १९ मार्च

चि. घुमीस,
अनेक आशीर्वाद.

मी कशाला रागावू? तुला चुकीचं शिकवलं ते मीच. पंचवीस वर्षं मुलींकडून काय काय आवडतं ते घोकून घेतलं, आणि नाही म्हणायची वेळ आली की त्याला साखर लावायला सांगितली.

एक सांगते. मी नवी असताना तपासणीला एक साहेब यायचे. हजेरीपट बघताना माझा हात धरून ठेवायचे. इंग्रजीची पदवी घेतलेली मी त्यांना ‘थँक यू, सर’ म्हणायचे. काल जेवताना तुझ्या काकांना हे पहिल्यांदा सांगितलं. ते ताट उचलून माझ्या बाजूला येऊन बसले.

आता वाक्यं. त्याने काय केलं ते आधी सांग. मग तुला काय वाटलं ते, आणि शेवटी तू काय करणार नाहीस ते. सुरुवातीला ‘सॉरी’ नको, मागून ‘प्लीज’ नको. ‘कुड’, ‘वुड’ अजिबात नको. व्याकरण चुकलं तर चुकू दे. नोकरी गेली तर माझ्याकडे ये, तुझी खाट घातलेली आहे.

पाठीशी उभी असलेली,
मावशी


ता. २८ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मॅनेजरांनी बसायला सांगितलं, मी उभीच राहिले. ते म्हणाले, भाषेमुळे गैरसमज झाला असेल. मी म्हटलं, ‘ही टच्ड मी. आय हेट इट. आय विल नॉट क्लीन हिज रूम.’ पाहुणा म्हणाला, ही तर नेहमी हसायची. मी सांगितलं की हसू कामाच्या कपड्यांबरोबर मिळतं, संध्याकाळी दोन्ही परत ठेवते.

मॅनेजर म्हणाले, ‘अनकम्फर्टेबल’ लिहिलंय तेवढं पुरे, मिटवून टाकू. मी कागद ओढून घेतला, तो शब्द खोडला आणि माझी तीन वाक्यं लिहिली. एक स्पेलिंग चुकलं. सुपरवायझर बाई वाकल्या. मला वाटलं, कागद काढून घेणार. त्यांनी चुकलेलं अक्षर नीट केलं आणि खाली साक्षीदार म्हणून स्वतःची सही केली. मग मॅनेजरांना म्हणाल्या, माझ्या हाताखालची एकही बाई त्या खोलीत जाणार नाही. दोन दिवस कुणी गेलं नाही. आज सकाळी पाहुणा आपली बॅग आपणच ओढत निघून गेला.

आईला मीच फोन करून सगळं सांगितलं. तिने विचारलं, ट्रॉली जोरात लागली ना.

मला मात्र ताकीदपत्र आलंय, ऑफिसच्या कागदावर खाडाखोड केली म्हणून. खाली सही करायला सांगितली. मी केली नाही. काल विचारलं, आज पुन्हा विचारलं, दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. आज ते पत्र साक्षीदाराच्या सहीसाठी सुपरवायझर बाईंपुढेही ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला, सगळं वाचलं, आणि पेनाचं टोपण लावून ठेवलं.

तुझी माया पुरते आहे.

तुझी,
घुमी