वरचं पान

सोमवार, ४ जून
पन्नाशी उलटल्यावर तुला कोण नोकरी देणार, असं वहिनी म्हणाली होती. दिली. पोलिसांच्या गोळीबारांची चौकशी करणारं हे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून छान ऊन येतं. टेबलाला खण, खणाला कुलूप; एक किल्ली माझ्याकडे, एक हेडक्लार्ककडे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी मला एक जाडजूड काळं पेन भेट दिलं. लिफ्टमन मला 'मिस' म्हणतो. म्हणाला, तुम्ही आलात आणि लिफ्टसुद्धा ताठ उभी राहायला लागली.
मान ताठ, बोटं गोल. कॉन्व्हेंटमधल्या टायपिंगच्या सिस्टर अजून कानाशी बोलतात. ही वही जेवणाच्या सुट्टीत लिहीन आणि इथेच खणात ठेवीन. घरी वहिनी वाचते.

बुधवार, ६ जून
काम समजलं. पोलिसांच्या गोळीने कुणी गेलं, की त्याचं पूर्ववृत्त मी टाइप करायचं: जुने गुन्हे, भांडणं, अगदी शाळेतले शेरेसुद्धा. एकाच पानात बसवायचं, असा इथला नियम. ते पान फाइलीत सर्वांत वर लागतं. गोळी कशी आणि का झाडली, ते खाली. साहेब वरून वाचायला घेतात. खाली पोचेपर्यंत त्यांची सही झालेली असते, असं अण्णा हसत म्हणाले. शिक्का तयारच असतो: 'गोळीबार योग्य'.
आज एका प्लंबरचं पान केलं. बारा वर्षांपूर्वी सायकल चोरली, शेजाऱ्याच्या एकदा कानाखाली वाजवली. गोळी पाठीत लागली. हातात काळी वस्तू होती. नळाचा पाना निघाला.
पान फार सुबक झालं. सिस्टरनी 'उत्तम' दिलं असतं.

शुक्रवार, ८ जून
प्लंबरची बायको आली होती. सायकल त्याने दुसऱ्याच दिवशी स्वतः परत केली, तेवढी एक ओळ घाला म्हणाली. मग शांतपणे विचारलं, गोळी झाडताना शिपायाला ती सायकल दिसत होती का. अण्णा म्हणाले, असले प्रश्न खालच्या पानांवरचे, आपलं काम वरचं.
मी तिला पाणी दिलं. ओळ घातली नाही. पानात जागा नव्हती, आणि पुन्हा सगळं टाइप करावं लागलं असतं.
ती गुडघे दुमडून बाकावर बसली होती, तेव्हा आठवलं. मी आठ वर्षांची. प्रार्थनाघरातली एक मेणबत्ती मी उचलली होती, नुसती तिच्या वासासाठी. आळ वर्गातल्या एका बोबड्या मुलीवर आला. शिक्षा म्हणून दिवसभर ती कॉरिडॉरमध्ये गुडघ्यांवर होती. फरशीला ताज्या पॉलिशचा वास येत होता. मी दोनदा तिच्यासमोरून गेले.
हे कुणालाही सांगितलेलं नाही. फक्त या वहीला.

मंगळवार, १२ जून
नवं पान आलं. लिफ्टमनचं. दारू पिऊन आरडाओरडा, एक मारामारी, लहानपणी घरातून पळून जाणं. मला रडूच फुटलं. धावत बाहेर गेले, तर त्यानेच लिफ्टचं दार उघडलं. डोळे का लाल, मिस, साहेब ओरडले का, असं विचारलं.
पानावर मृत्यूची तारीख कोरी होती.
अण्णांना विचारलं. म्हणाले, बाई, नंतर घाई होते, म्हणून आधीच करून ठेवतो.
त्याला सांगायला हवं होतं. खाली येताना लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. त्याने विनोद सांगितला, मी हसले. उद्या नक्की सांगेन.

बुधवार, १३ जून
लिफ्ट बंद. जिना चढून आले.
हातात काळी वस्तू होती. टॉर्च.
सही झाली. माझ्या पानात एकही चूक नव्हती.

गुरुवार, १४ जून
आज एका बाईचं पान. वय त्रेपन्न. लहानपणापासून चोरीची सवय — प्रार्थनाघरातून. शिक्षा दुसऱ्या मुलीला होऊ दिली. विधवेची एक ओळ दडवली. सहकाऱ्याच्या जिवाला धोका आहे हे माहीत असून —
दुसरी किल्ली.
अण्णा म्हणाले, तुमचं तुम्हीच करा, इतकं सुबक दुसऱ्या कुणाला जमायचं नाही.
एक शुद्धलेखनाची चूक होती. सुधारली. पूर्ण पान वाचून पाहिलं — मलाही ती बाई आवडली नाही.

शुक्रवार, १५ जून
दुपारचे बारा. आज कुणीच आलेलं नाही. अण्णाही नाहीत.
जिन्यावर बूट.
सायकल प्लंबरने दुसऱ्याच दिवशी परत केली होती. स्वतः. इथे तरी लिहून ठेवते —
दार उघडलं. कोवळा शिपाई. बंदूक माझ्यावर रोखलेली. माझं नावही त्याला ठाऊक नसेल — मेणबत्तीचं नाही, कशाचंच नाही — तो ओरडतोय — पेन खाली ठेवते, म्हणजे त्याला दिसेल की माझ्या हातात