चुलीमागची हाल्का

इनवुड
१६ सप्टेंबर १९७३

ती. पारास्काताईस,
टेक्लाचा सा. न. वि. वि.

येशूची स्तुती असो. बटाटे निघाले, कोबी आंबवायला घातला, गाय आटली. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचून तू पत्र फेकून देशील.

गुरुवारी घरात साप निघाला. यात नवीन काही नाही. थंडी यायला लागली की सगळे साप हिवाळा काढायला नार्सिस गावाजवळच्या विवरांकडे निघतात, आणि वाटेत आमचं घर आलं तर त्याला ते वळसा घालत नाहीत. तीन मी फावड्याने बाहेर लोटले. पण ही चौथी मादी, चांगली हातभर लांब, पिवळ्या पट्ट्यांची, माझ्या चुलीमागे वेटोळं करून बसली होती, भाडं भरल्यासारखी. विषारी नसतात हे मला ठाऊक आहे. पण चूल माझी आहे. मी फावडं उचललं.

पेट्रो खिडकीजवळच्या खुर्चीत होता. ईस्टरला झटका आल्यापासून तो तिथेच असतो. उजवा हात गेला, तोंड गेलं, पाच महिने मी भिंतीशी बोलते आहे. ताई, तो बोलला. नको, म्हणाला.

फावडं हातातून सुटून माझ्या पायावर पडलं. नख काळं झालंय. मी त्याला हलवून विचारलं की काय म्हणालास, परत म्हण. तोंड बंद. मग मी मुद्दाम फावडं परत उचललं. नको, म्हणाला. तीन वेळा उचललं, तीन वेळा बोलला. सापाला काय वाटलं असेल ते देव जाणे.

आता ती लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत आहे, वर भोकं पाडलेलं झाकण. उचलताना तिने माझ्या हातावर असलं काही सोडलं की तीनदा साबण लावूनही गाय माझ्यापासून तोंड फिरवते. साप काय खातो ते कळव. आईला माहीत असायचं.

लोभ आहे तेवढा राहू दे. आता तो लागणार आहे.

तुझी
टेक्ला


विनिपेग
२४ सप्टेंबर १९७३

चि. सौ. टेक्लास,
पारास्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत उघडलं आणि माझा डबा तसाच राहिला. शेजारच्या मशीनवरची बाई विचारत होती की कोण गेलं. मी सांगितलं, कोणी गेलं नाही, माझ्या बहिणीची अक्कल गेली.

पेट्रो बोलला हे वाचून मी रडले. हे आधी लिहायला हवं होतं, पण साप मध्ये आला. डॉक्टर काय म्हणाले होते ते मी तुझ्याबरोबर ऐकलं आहे. वर्षभरात जे शब्द परत येतील तेवढेच, पुढच्या ईस्टरनंतर आशा धरू नका. म्हणून सांगते, तो शब्द हातचा घालवू नकोस. त्यासाठी साप ठेवावा लागला तर ठेव. पण मी शपथ घेऊन सांगते, ज्या घरात साप आहे त्या घरात मी पाऊल टाकणार नाही. नाताळला माझी वाट बघू नकोस.

आई म्हणायची, समुद्रापलीकडे जुन्या देशात उंबऱ्याखालच्या सापाला दूध ठेवायचे. बशीत, कोमट.

पेट्रोला माझा नमस्कार सांग. सापाला सांगू नकोस.

तुझी बहीण
पारास्का


इनवुड
४ नोव्हेंबर १९७३

ती. ताईस सा. न. वि. वि.

आईचं दूध शेवटी मांजराने प्यायलं. दहा दिवस मी बरणीत बशी ठेवत होते, बाहेरून विकत आणलेलं दूध, आणि ती बया त्यात शेपूट बुडवून बसायची. वाळत चालली. मग मला फ्रीझरमधल्या बारक्या माशांची आठवण झाली. पेट्रो बर्फात भोक पाडून गळ टाकायचा त्याचं आमिष, पाच डबे तसेच पडलेत. एक मासा विरघळवून टाकला. ताई, सबंध गिळला, आणि मग जबडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे करून नीट बसवला, आपल्या आजोबांच्या कवळीसारखा. पेट्रो म्हणाला, खा. दुसरा टाकला. खा.

गेल्या आठवड्यात तिचे डोळे निळे पडले, दुधाळ, मेल्यासारखे. खाणं सोडलं. मी मनात खड्डासुद्धा खणला. सकाळी बघते तर सबंध कात आत ठेवलेल्या दगडाला अडकलेली, डोळ्यांवरची टरफलंसुद्धा तिच्यात, आणि ही नव्या कपड्यात बसलेली. चार इयत्ता शिकलेल्या बाईला असलं कोणी आधी सांगत नाही.

पेट्रोने डाव्या हाताने पेटी केली. खिडक्यांची थंडीतली जादा तावदानं घेतली, त्यामुळे यंदा मागच्या खोलीत वारा येतो. खिळे मी धरले, अंगठा माझा ठेचला.

आता मुद्द्याचं. तो तिला हाक मारतो. हाल्का म्हणतो. ये हाल्का, खा हाल्का, असे चार-पाच शब्द झालेत. मला एकही नाही. मी बीटाच्या बोर्श्च सुपाची थाळी पुढे ठेवते, तो मान हलवतो. ही हाल्का कोण? लग्नाआधी तू त्याच्याच गावात कामाला होतीस, तुला माहीत असणार. सरळ लिही, मी काही विहिरीत उडी मारणार नाही, विहीर गोठली आहे.

तुझ्या लोभातली
टेक्ला


विनिपेग
१२ नोव्हेंबर १९७३

चि. सौ. टेक्लास आशीर्वाद.

हाल्का त्यांची घोडी होती. पांढऱ्या कपाळाची. लाथा मारायची.

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला आणि बसमध्ये एकटीच हसले. बावन्न वर्षांची झालीस. कारखान्यात मी हे कोणाला सांगितलेलं नाही, एक-दोघी सोडून.

डोक्याला लोकरी रुमाल बांधत जा.

पारास्का


इनवुड
१७ फेब्रुवारी १९७४

ती. ताईस सा. न. वि. वि.

जानेवारीत पाद्री घरावर पवित्र पाणी शिंपडायला आले होते. मी पेटीवर टेबलाचा कपडा टाकला होता. त्यांनी कपड्यावर पाणी शिंपडलं, कपडा हलला, आणि पाद्री बाकावर चढले. उरलेला आशीर्वाद त्यांनी बाकावरूनच दिला. हे तुला हसायला लिहिते, कारण पुढे हसण्यासारखं नाही.

हाल्काला काहीतरी झालंय. दहा दिवसांपूर्वी तिची मान आपोआप आकाशाकडे वळायला लागली. अंग पिळवटतं, धुतलेला कपडा पिळावा तसं. उलटी पडते आणि सरळ होता येत नाही. मासा समोर धरला तर तोंड भलतीकडे मारते. मी काही कमी केलं नाही. रोज ताजं पाणी, दर तिसऱ्या दिवशी मासे, चुलीची ऊब. माझ्या मुलींना मी इतकं बघितलं नाही.

पेट्रो बोलायचा थांबला. पहिले दोन दिवस तो म्हणत होता, ऊठ हाल्का. आता तेही नाही. खुर्ची परत खिडकीकडे फिरवून घेतली आणि बाहेर बर्फ बघतो. ईस्टरला दोन महिने राहिले. तू म्हणालीस शब्द हातचा घालवू नकोस. मी नाही घालवला, तो पेटीत मरतो आहे.

मला कोणावर तरी ओरडावंसं वाटतं, म्हणून तुला लिहिलं. राग मानू नकोस.

टेक्ला


विनिपेग
२३ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. टेक्लास आशीर्वाद.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. काल चर्चमध्ये मेणबत्ती लावली. फादरांनी विचारलं कोणासाठी, मी म्हणाले, इनवुडची हाल्का, आमच्याकडची, अंथरुणाला खिळली आहे. त्यांनी सगळ्यांना तिच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं. दोनशे माणसं गुडघ्यावर होती, टेक्ला. हे पाप तुझ्या नावावर.

साप मला सहन होत नाही, पण तू एकटी बसून त्याचं मरण बघावंस हेही सहन होत नाही. कोणाला तरी विचार. तिकडे सगळे जनावरं पाळणारेच आहेत, लाज कसली?

पेट्रोच्या पाठीवर माझ्या वतीने हात फिरव.

तुझी
पारास्का


इनवुड
२४ मार्च १९७४

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी थोराला विचारलं. तिला तू ओळखतेस, सरोवराकाठची आइसलँडची बाई, नवऱ्यामागे मिंक पाळते, ती केसाळ कातड्यासाठीची मुंगसासारखी जनावरं. ती बर्फातून ट्रक घेऊन आली, पेटीत एकदा बघितलं, आणि मला विचारलं की हिला कच्चे मासेच देतेस ना, दुसरं काही नाही? मी म्हणाले, हो, उत्तम मासे. थोरा म्हणाली, शहाणे, त्याच उत्तम माशांनी माझ्या सासऱ्याचे साठ मिंक मागच्या पायांनी लुळे पडून मेले. नुसता कच्चा मासा अंगातलं काहीतरी खाऊन टाकतो, मेंदू पिळवटतो. ते मासे शिजवून घालायचे, वर पावाचं यीस्ट आणि यकृत.

ताई, ऐक. पाच महिने मी स्वतःच्या हाताने तिला विष भरवत होते, आणि वरून मायेने बोलत होते. त्याच्याच आमिषाने.

थोराने गांडुळं घालायला सांगितलं. बाहेर उणे तीस, जमीन दगड. गांडूळ कुठून आणू? ती म्हणाली, माझ्या गोठ्यातल्या शेणाच्या ढिगात आतून ऊब असते. मी कुदळ घेऊन गेले. वरचा थर फोडायला अर्धा दिवस गेला, आतून वाफ निघाली, आणि लालबुंद गांडुळं वळवळत होती. कॉफीच्या डब्यात भरून कोटाच्या आत पोटाशी धरून घरी आणली. थंडीने मरू नयेत म्हणून. मी, टेक्ला, पोटाशी गांडुळं.

यीस्टच्या पाण्यात बुडवून काडीने भरवली. पंधरा दिवस. मान खाली आली. मंगळवारी तिने माझ्या बोटांतून स्वतः ओढून घेतलं. मी मागे वळले तर पेट्रोची खुर्ची पेटीकडे फिरलेली. खाल्लं, म्हणाला. तिच्याकडे बघून.

माझ्याकडे बघून अजून काही नाही. मागत नाही.

थोराला दोन डझन अंडी दिली, तिने नको म्हटलं आणि घेतली.

तुझी
टेक्ला


इनवुड
१२ मे १९७४

ती. ताईस सा. न. वि. वि.

ईस्टर गेला. वर्ष भरलं. माझ्या मोजणीत अकरा शब्द आले, सगळे हाल्काचे. डॉक्टर म्हणाले तसंच झालं, असं मी मनाला सांगून टाकलं. मग म्हटलं, आता तिला सोडून देऊ, तिची माणसं वर आली आहेत. थोराने आम्हाला ट्रकमधून विवरांवर नेलं.

इथे जन्म काढला, पण मी त्या खड्ड्यात वाकून कधी बघितलं नव्हतं. जमीन दिसत नाही, ताई. हजारो नर, बोटभर जाडीचे, एकमेकांवर वाहताहेत, आणि सुक्या पानांसारखा आवाज. हाल्काला आणलेली बादली पेट्रोने आडवी केली. हाल्का बाहेर आली, जरा जीभ काढली, आणि शे-दीडशे नर तिच्यावर येऊन पडले. त्यांचा चेंडू झाला, डोक्याएवढा. उतारावरून घरंगळत गेला. लाज नाही, रांग नाही. थोरा हसत होती, मी रुमालाचं टोक तोंडावर धरून उभी, नजर मात्र हटेना.

तासाभराने चेंडू सुटला. हाल्का एकटी पडली होती, दमलेली. पेट्रो गुडघ्यावर बसला, डावा हात पुढे केला, आणि ती वर चढली. बाहीत शिरली. मी म्हणाले, सोड तिला. तो म्हणाला, नको.

हे त्याने मला म्हटलं की तिला, ते मला ठरवता येत नाही. घरी आणली.

टेक्ला


इनवुड
१८ ऑगस्ट १९७४

ती. पारास्काताईस,
टेक्लाचा सा. न. वि. वि.

हे बसून लिहिते. अक्षराला हसू नकोस.

शनिवारी सकाळी मी पिठाचा गोळा मळत होते. हाल्का महिनाभर जाड होत चालली होती. मी समजत होते माझी गांडुळं अंगी लागली. सहज पेटीकडे बघितलं, तर तिच्याखालून काहीतरी ओलं बाहेर आलं, पातळ पिशवीत, पिशवी फुटली आणि आत दुसरी हाल्का. बुटाच्या लेसएवढी. डोळे, पट्टे, जीभ, सगळं. मग आणखी एक. साप अंडी घालतात असं आईने सांगितलं होतं. दूधही आईनेच सांगितलं होतं. आईवर आता कशाकशात विश्वास ठेवायचा ते बसून ठरवावं लागेल.

पेटीच्या फळ्या पेट्रोने एका हाताने जोडलेल्या. त्या फटी मोठ्या सापाला पुरत नव्हत्या, लेसला पुरल्या. बघता बघता जमिनीवर सगळीकडे. मी पिठाच्या हातांनी बाकावर चढले, जिथे पाद्री चढले होते.

आणि मागून आवाज आला. एक. मी वळले. पेट्रो खुर्चीतून उठून उभा होता, खुर्चीची पाठ धरून, आणि बोट दाखवत होता. दोन. तीन. चुलीकडे चार, टोपलीखाली पाच. अडखळत नाही, शोधत नाही. शाळेतल्या मुलासारखा ओळीने. दहाला मी श्वास धरला. पंधराला मला वाटलं आता तुटेल. बावीसला तो थांबला.

मग त्याने मान वर केली. पेटीकडे नाही. माझ्याकडे. आणि म्हणाला, टेक्ला, एक तुझ्या गमबुटात गेला.

ताई, सबंध वाक्य. माझं नाव घालून.

मी खाली उतरले, लेसांवरून पाय टाकत दाराशी गेले, बूट उलटा केला. होता. तेविसावा. मी तो तळहातावर धरला, पीठ लागलेला, आणि त्या पिठात रडले. पेट्रो म्हणाला, पीठ काढ त्याचं. म्हणजे आता तो मला कामं सांगायलाही लागला. वर्षभर हेच मागत होते, आता ऐकावं लागणार.

तू ये. पुढच्या शनिवारच्या बसने ये. ज्या घरात साप आहे तिथे पाऊल टाकणार नाही अशी तुझी शपथ आहे, ठाऊक आहे. पण ती एका सापाची होती. इथे आता चोवीस आहेत, तेव्हा ती मोडत नाही. हे मी नाही, पेट्रोने सुचवलं. हळूहळू बोलला, पण सगळं बोलला.

बाकी भेटीत. लोभ घेऊन ये, आणि पिशवीत यीस्ट.

तुझी धाकटी
टेक्ला

ता. क. दारात बूट काढशील ते परत घालण्याआधी झटक.